चोथ्याचा पाव

"हे आम्ही म्हशीला घालायचो," आई म्हणाली. व्हिडिओ कॉलवर मी तिला नुकताच कापलेला पाव दाखवत होते. वरचं कवच गडद तपकिरी, आत करडा ओलसर गर आणि त्यात जागोजागी अडकलेली जवाची फोलं. बिअर करून उरलेल्या धान्याचा हा पाव आहे, असं मी मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. दारूचं नाव निघाल्यावर ती काहीतरी बोलेल असं वाटलं होतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण दारूबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. चष्मा वर सरकवून तिनं पाव नीट पाहिला, "चोथाच ना हा?" असं विचारलं आणि मग ते म्हशीचं वाक्य. त्यात टोमणा नव्हता. एखादं ओळखीचं माणूस परगावी दिसल्यावर बोलावं तसा तिचा आवाज होता. मग जरा थांबून म्हणाली, "आणि आई खायची." पुढे लगेच कांद्याचे भाव, मावशीचा गुडघा, असं सगळं सुरू झालं.

ते दुसरं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

आम्ही राहतो ते एर्लांगेन म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या फ्रांकोनिया भागातलं बऱ्यापैकी मोठं गाव, आणि फ्रांकोनियात बिअर ही रोजच्या जेवणाइतकी साधी गोष्ट आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा थंडीच्या दिवसांत तळघरात घरच्यापुरती बिअर करतात. इथे घरगुती बिअरला ठरावीक मर्यादेपर्यंत कर नसतो, त्यामुळे यात लपूनछपून असं काही नाही. ज्या दिवशी त्यांचं काम चालतं त्या दिवशी जिन्यात वास येतो. भाजलेल्या सातूचा, गरम दुधाचा आणि ओल्या पोत्याचा, तिन्ही एकत्र. मी पहिल्यांदा त्या वासामागेच खाली उतरले. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि काम चालू ठेवलं. मला ते आवडलं. पाहुणी आली म्हणून हातातलं सोडायचं नाही, ही आमच्याकडच्या वाळवणाच्या दिवसांतलीच रीत.

काम मोठं शिस्तीचं आहे. जव भिजवून त्याला मोड आणायचे आणि मोड जेमतेम फुटले की भट्टीत वाळवायचे, म्हणजे माल्ट झाला. हे काम माल्टवाले करतात; आजोबा पोतं विकत आणतात. मग हातानं फिरवायच्या चक्कीत ते दाणे भरडायचे. पीठ होऊ द्यायचं नाही, आतला गर फुटला पाहिजे आणि फोल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. चार-पाच किलो भरड मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात पडते. आधी ६२-६३ अंशांवर, मग ७२ अंशांवर ती मुरत राहते आणि आजोबा लाकडी वल्ह्यानं ढवळत राहतात. मोड आणताना दाण्यात जी विकरं तयार झालेली असतात ती या उबेत कामाला लागतात आणि पिठूळ गराची साखर करतात. झालं की नाही हे बघायला त्यांच्याकडे आयोडीनची बाटली असते. पांढऱ्या बशीत त्यातलं चमचाभर पाणी घ्यायचं आणि त्यावर एक थेंब टाकायचा. निळा-काळा डाग पडला तर पिष्ट अजून शिल्लक आहे. थेंब पिवळसरच राहिला तर सगळ्याची साखर झाली. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला बटाट्याच्या फोडीवर आम्ही हेच केलं होतं. त्या डागाचा खरा उपयोग कोणाला होत असेल, असं तेव्हा कधी मनात आलं नव्हतं. आजोबांनी बशी माझ्यापुढे धरली आणि थेंब पिवळाच राहिला तेव्हा त्यांच्याइतकाच आनंद मलाही झाला.

मग गाळणं. पातेल्याच्या तळाशी जाळी असते, पण खरी गाळणी म्हणजे ती अख्खी राहिलेली फोलं. धान्य खाली बसतं, त्याचा जाड थर होतो आणि गोड पाणी त्या थरातून झिरपत येतं. सुरुवातीला गढूळ येतं, ते पुन्हा वर ओतायचं. हळूहळू धार स्वच्छ होते, मधाच्या रंगाची. वरून आणखी गरम पाणी सोडून उरलासुरला गोडवाही धुऊन काढतात. एवढं झाल्यावर पातेल्यात जे उरतं तो चोथा. जर्मनमध्ये ट्रेबर. पाणी प्यायल्यामुळे तो मूळ भरडीपेक्षा जडच भरतो. कारखान्यांचा हिशेब असा की १०० लिटर बिअरमागे साधारण २० किलो ओला चोथा निघतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, त्या गाळलेल्या पाण्यात नंतर उकळताना पडतात आणि यीस्ट त्याच्याही नंतर, सगळं निवल्यावर. म्हणजे चोथा बादलीत येतो तेव्हा त्याची आणि दारूची गाठच पडलेली नसते. आईसाठी मी जे उत्तर तयार ठेवलं होतं ते हेच.

बादलीतला चोथा मी हातात घेतला. गरम, ओला, थोडा टोचणारा. चावला तर किंचित गोड आणि बराचसा गवताळ. आणि एकदम कुरडयांचे दिवस आठवले.

निफाडकडच्या आमच्या आजोळी उन्हाळ्यात कुरडया व्हायच्या. गहू तीन दिवस भिजत पडायचे, रोज पाणी बदलायचं, तरी तिसऱ्या दिवशी पडवीत आंबूस वास भरून राहायचा. चौथ्या दिवशी ते वाटून, पाण्यात कोळून, फडक्यातून पिळून चीक काढायचा. चीक रात्रभर निवळत ठेवायचा, पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं आणि चुलीवर हिंग-मिठाच्या आधणात तो घाटायचा. घाटायला दोघी लागायच्या, एकीनं पातेलं धरायचं आणि दुसरीनं दांडा फिरवायचा. गुठळी झाली की आजीचा आवाज चढायचा. मग ऊन तापायच्या आत गच्चीवर धोतराचं पान अंथरून सोऱ्यानं कुरडया घालायच्या. आम्हा पोरांना वाटीवाटी गरम चीक मिळायचा, वर साखर आणि दूध. तो पिवळसर, लुसलुशीत, जिभेवरून घसरत जाणारा चीक खाण्यासाठीच आम्ही पहाटे उठायचो. फडक्यात उरलेल्या चोथ्याकडे आमचं लक्षही नसायचं.

लक्ष नसायचं म्हणजे दिसत नव्हता असं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात घमेल्यात तो पडलेला असायचा, माश्या बसू नयेत म्हणून वर पोत्याचा तुकडा. त्यातला बराचसा म्हशीच्या टोपल्यात जायचा. थोडा आजी काढून ठेवायची. त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून भुसवड्या थापायची. त्या वाळवून, तळून तोंडी लावायला होत. त्या मला आठवतात, कारण त्या पाहुण्यांच्या ताटातही जायच्या. पण उरलेल्या ओल्या चोथ्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालून आजी तव्यावर जे थापायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपाशी बसून खायची, ते मला आठवत नाही. आईला आठवतं. "आणि आई खायची" यातलं खाणं हे होतं.

मला माहीत असलेली आजी वेगळी होती. तिच्या घरात धान्य होतं, द्राक्षं होती, नातवंडांसाठी पेढ्यांचा पुडा होता. त्या आधीची आजी, जिची मुलं लहान होती आणि ज्वारी मोजून काढली जायची, ती फक्त आईकडे आहे. कोंड्याचा मांडा करणारी बाई म्हणून गावात आजीचं कौतुक व्हायचं. हे कौतुक मी लहानपणापासून ऐकलंय आणि मलाही त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, की त्या कौतुकानं बऱ्याच गोष्टी झाकल्या. मांडा कोणाच्या ताटात गेला आणि कोंडा कोणाच्या, हे विचारायची गरजच राहिली नाही.

हे सगळं मनात असताना पाव करायचा म्हणजे हात थोडे जड होतात. तरी मी करते, आणि मन लावून करते.

चोथ्याचा पाव सोपा नाही. ओला चोथा दुसऱ्या दिवशीच आंबायला लागतो, म्हणून बादली आली की त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो. थोडा ताजा वापरायचा, थोडा पिशव्या भरून फ्रीजरमध्ये, उरलेला ताटात पसरून मंद ओव्हनमध्ये वाळवायचा. वाळायला तासन्‌तास लागतात, मधूनमधून हात फिरवावा लागतो आणि घरभर तोच भाजल्या सातूचा वास राहतो. वाळलेला चोथा दळला की चांगलं करडं-तपकिरी पीठ होतं. पण मला ताज्याचाच पाव आवडतो. ५०० ग्रॅम पिठाला १५० ग्रॅमच्या आसपास ओला चोथा. त्याहून जास्त घातला की पाव दबतो. याचं कारण बोटांना कळतं. मळताना गव्हाच्या कणकेला जी तार सुटते, जिच्या जोरावर पाव फुगतो आणि फुगलेला टिकतो, ती तार फोलांचे टोकदार तुकडे कापत जातात. शिवाय फोलात मुरलेलं पाणी सावकाश बाहेर येतं, त्यामुळे सुरुवातीला घट्ट वाटणारी कणीक तासाभरानं सैल पडते. म्हणून पाणी आधी हात राखून घालायचं. मळून झाल्यावर कणकेला अर्धा तास नुसतं पडू द्यायचं, मग घड्या घालायच्या, पुन्हा पडू द्यायचं. जोर लावून मळलं तर तार आणखी तुटते. घड्यांनी ती सांभाळली जाते.

इथल्या पावात राईचं आंबवण असतं आणि मसाला असतो. धने, बडीशेप, आणि जिऱ्यासारखं दिसणारं पण जिऱ्याहून थंड वासाचं क्युमेल. मी या गावात नवी असताना बेकरीच्या दारात थबकले होते ती या वासानं. पावातून धन्याचा वास येईल अशी माझी कल्पनाच नव्हती. आता मी चोथ्याच्या पावात धने थोडे जास्त, जाडसर कुटून घालते. २४० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये, झाकण असलेल्या बिडाच्या भांड्यात पाव जातो. वीस मिनिटांनी झाकण काढायचं आणि आंच २०० वर आणायची. चोथ्यात उरलेल्या थोड्याशा साखरेनं वरचं कवच लवकर रंग धरतं, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. बाहेर काढल्यावर तळावर बोटाच्या पेरानं टकटक करायची. आवाज पोकळ आला म्हणजे आत शिजलाय. आणि मग थांबायचं. पाव गार होताना कवच बारीक बारीक तडकतं, स्वयंपाकघर शांत असेल तर ऐकू येतं. गरम कापला तर आतला गर सुरीला चिकटतो. गार झाल्यावर जाड फोड, वर भरपूर लोणी आणि मीठ. दाताखाली फोल येतं, चावावं लागतं, आणि चावता चावता भाजल्या धान्याची चव तोंडात उतरते. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. मी लसणीची चटणी लावून खाते, आणि त्याहून चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही.

इथून तासाभरावर कुल्मबाख नावाचं गाव आहे. तिथे बिअरच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात बिअरचं संग्रहालय आणि बेकरीचं संग्रहालय शेजारी शेजारी आहेत. एका दालनात तांब्याची प्रचंड भांडी, दुसऱ्यात लाकडी परात, फावडी, भट्टीचं तोंड. आधी बिअरकडचं बघून मग पावाकडे जाताना मला वाटत राहिलं, की हे दोन धंदे इतके जवळ आहेत की त्यांना वेगळं ठेवायला राज्यकर्त्यांचा हुकूम लागला. १५१६ साली इंगोलश्टाट इथे बव्हेरियाच्या ड्यूकनी बिअरसाठी फक्त जव, हॉप्स आणि पाणी असा नियम काढला. त्याचं एक कारण असं सांगितलं जातं, की गहू आणि राई पावासाठी राखून ठेवायचे होते. बिअरवाल्यांनी गहू पळवला की पाव महाग व्हायचा. या नियमाचा इथे फार अभिमान आहे, बाटल्यांवर तो छापतात, शुद्धतेच्या गोष्टी सांगतात. मला त्यात पावाची काळजी अधिक महत्त्वाची वाटते. आणि त्या नियमात यीस्टचं नाव नाही. फेसाच्या रूपात ते वापरात होतं, पण तो फेस जिवंत असतो हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. पुढे कितीतरी काळ पाववाले आपला फेस बिअरवाल्यांच्या पिंपातूनच आणत. दाबून केलेलं यीस्ट बाजारात आलं ते १९व्या शतकात. आपल्याकडे गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत असत, त्यातही तीच जवळीक आहे. विकतचं यीस्ट सहज मिळायला लागल्यावर ती सूर मागे पडली, पण जुन्या पावाची चव सांगणारी माणसं गोव्यात अजून भेटतात आणि सांगताना त्यांचा चेहरा बदलतो.

खालच्या आजी मात्र हा पाव खात नाहीत. आजोबा आवडीनं खातात, त्या नम्रपणे नको म्हणतात. एकदा मी कारण विचारलं तर त्यांनी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. बापाची इस्टेट उडवून कंगाल झालेला मुलगा परमुलखात डुकरं राखतो आणि भुकेनं त्याला डुकरांचं खाणं खावंसं वाटतं. त्या लहानपणापासून वाचत आल्या त्या लूथरच्या जुन्या जर्मन बायबलात डुकरांचं ते खाणं म्हणजे ट्रेबर. त्या म्हणाल्या, युद्धानंतरच्या वर्षांत आमच्या घरी पिठात काय काय मिसळायचे ते मला आठवतं, आता मला पांढरा पाव खाऊ दे. मी पुन्हा आग्रह केला नाही. निफाडची म्हैस आणि बायबलातली डुकरं, आई आणि खालच्या आजी. दोघींनाही हा पाव बघून आधी जनावर आठवलं आणि लगेच मागोमाग भूक.

इकडे दुकानात आता वाळवून दळलेला चोथा पाकिटात मिळतो, साध्या पिठाच्या कितीतरी पट महाग. पाकिटावर तंतू आणि प्रथिनांचे आकडे. आकडे खोटे नाहीत. कोरड्या चोथ्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि तंतू निम्म्याच्या घरात. पिष्ट निघून गेलेलं असतं, म्हणून ज्यांना साखर जपायची आहे त्यांना ते सोयीचंही पडतं. वाया जाणारी वस्तू वाचवल्याचं समाधान पाकिटासोबत मिळतं. पण खरं पाहता चोथा फारसा वाया जात नव्हता. जगभर तो बहुतेक गुरांच्या चाऱ्यातच जातो, दुभत्या जनावरांना तो चांगला मानवतो, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. माणसानं खाल्ला म्हणजे त्याचं सोनं झालं आणि म्हशीनं खाल्ला म्हणजे फुकट गेला, असं मला म्हणवत नाही. ते दूध मी प्यायलेलं आहे.

मग मी हा पाव का करते? मला तो आवडतो, हे पहिलं कारण. दुसरं असं, की खाली तळघरात आजोबांच्या शेजारी उभं राहून धान्यातून गोडवा निघताना बघितल्यावर त्या उरलेल्या धान्याकडे पाठ फिरवणं मला जमत नाही. ते धान्य हातात गरम असतं. पण आजीचं नाव घेऊन हा पाव मी कोणाला खायला घालणार नाही. आमच्या आजीची पाककृती, पूर्वजांचं शहाणपण, असली वाक्यं मला सुचतात आणि मी ती गिळते. तिनं ते निवडलेलं नव्हतं. माझ्या हातात निवड आहे, लोणी आहे, आणि आवडला नाही तर दुसरा पाव आणायला कोपऱ्यावर बेकरी आहे.

मध्यंतरी आईला फोनवर सरळच विचारलं, की आजीला स्वतःला काय आवडायचं. मला वाटलं होतं ती म्हणेल, कुणास ठाऊक, तिनं कधी सांगितलंच नाही. आई म्हणाली, "चीक. गूळ घालून, गरम. पण वाटीभर चीक खाल्ला म्हणजे तेवढ्या कुरडया कमी, म्हणून दांड्याला लागलेला निपटून घ्यायची." आणि मग आपणहून सांगत बसली. घाटताना चीक पारदर्शक दिसायला लागला म्हणजे झाला, हे आजी कसं ओळखायची, दांडा उचलून धार बघायची, पाण्याचा हात लावून बघायची. बोलता बोलता तिनं मला चोथा पुन्हा दाखवायला सांगितलं, बारीक वाटून घालतेस की तसाच, लसूण घातलास का कधी, असं विचारलं. तळघरातल्या गोड पाण्याबद्दल मी सांगितलं. आजोबांनी पेल्यात दिलं होतं, कोमट, मधाच्या रंगाचं, आणि त्याची चव बरीचशी साखर घातलेल्या चिकाकडे जाणारी. तिनं दोनदा विचारलं की त्यात दारू नसते ना. नसते म्हटल्यावर म्हणाली, मग मी चाखून बघीन.

उन्हाळ्यात ती इथे येणार आहे. गहू इथे मिळतात, ऊन मात्र भरवशाचं नाही, म्हणून कुरडया घालायच्याच नाहीत असं आमचं ठरलंय. गहू भिजवायचे, चीक काढायचा आणि गूळ घालून तो सगळाच्या सगळा खाऊन टाकायचा, माझ्या मुलीसकट तिघींनी. फडक्यात जो चोथा उरेल त्यावरून वाद चालू आहे. तिला भुसवड्या करायच्यात, ओव्हनमध्ये वाळवल्या तरी चालतील म्हणते. मला पाव हवाय, गव्हाच्या चोथ्याचा मी अजून केलेला नाही.